चौथरा नसलेला पुतळा

१

रोज सकाळी साडेसहाला बाबा आणि मी घरून निघायचो. मी त्यांच्या उजव्या बाजूने चालायची आणि त्यांचा उजवा हात माझ्या डाव्या खांद्यावर असायचा. पांढुर्ण्याच्या रस्त्यावर त्या वेळी संत्र्यांचे ट्रक, दूधवाले आणि शिकवणीला निघालेली मुले असतात. बघणाऱ्याला वाटे, काय लाडकी लेक आहे.

खरे कारण घरातल्या तिघांनाच माहीत होते. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजेडात त्यांना रंग आणि आकार दिसायचे, उजेड कमी झाला की तेही नाही. बाबा पालिकेच्या बगीच्यात अकरा वर्षांपासून रोजंदारीवर माळी होते. ऑपरेशन करा आणि महिनाभर धुळीत, पाण्यात जाऊ नका, असे सौंसरच्या शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगितले होते. पण रोजंदारीवाल्याची जागा महिनाभर कोणी रिकामी ठेवत नाही. त्यातच निवडणुकीनंतर जुन्या माणसांना पक्के करणार, त्याआधी मेडिकल होणार, अशी बातमी होती. मेडिकलमध्ये डोळे तपासतात. तोवर काय करायचे, हे आम्हाला कोणालाच सुचत नव्हते. कोणाला कळू द्यायचे नाही, एवढेच ठरले होते.

गाडीचा आवाज बाबांना नेहमी माझ्याआधी ऐकू यायचा. मग त्यांची बोटे माझ्या खांद्यावर एकदा दाबली जायची, म्हणजे थांब. रस्ता मोकळा झाल्याचे मी सांगितले की दोनदा, म्हणजे चल. त्यांनी माझे नावच चष्मा ठेवले होते.

"चष्मा, आज काय काय पडून हाये वाटंत?" बगीच्याच्या फाटकात ते विचारायचे.

"गुलाबापाशी पाइप आडवा हाये. बाकाखाली काचा हायेत. कोणी तरी बाटली फोडली."

"बरं. अन् आपले सहा जण?"

"जागेवरच हायेत, बाबा."

"नशीब! नाईतर हजेरी कोणाची लावू मी?"

सहा जण म्हणजे बगीच्यातले सहा पुतळे. हात वर केलेले स्वातंत्र्यसैनिक, शहीद जवान, खुर्चीवर बसलेले गुरुजी, डोक्यावर टोपली घेतलेली संत्रावाली, कापसाचे गाठोडे उचलणारा शेतकरी आणि पुस्तक वाचणारी मुलगी. बाबा रोज त्यांना ओल्या फडक्याने पुसायचे. डोळ्यांनी दिसत नसले तरी प्रत्येकाचे नाक, कान, बोटे त्यांच्या हातांना पाठ होती. माझ्या वहीत त्या सहाही जणांची चित्रे आहेत. मी फार बोलत नाही, वर्गात हजेरीच्या वेळीही माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. पण मी नीट बघते.

२

आचारसंहिता लागली त्या दिवशी पालिकेचे हेमराज साहेब सकाळीच बगीच्यात आले. त्यांच्या स्कूटरवर पांढऱ्या कापडाचा गठ्ठा बांधलेला होता.

"गुणवंता, सगळे पुतळे झाकून टाक."

"सगळे? संत्रावाली बी?"

"तिच्या चौथऱ्यावर पाटी हाये. पाटीवर नेत्याचं नाव हाये."

"मंग पाटी झाकतो ना साहेब. त्या बाईनं कोणाले मत मागितलं?"

"तू मले कायदा शिकवून राहिला का बे? वरून लिहून आलं, सर्व. सर्व म्हणजे सर्व. हे सहा कापडं धर. बगीच्यात जे उभं दिसते ते झाक. संध्याकाळपर्यंत झालं पाहिजे, मले उद्या फोटो पाठवायचे हायेत."

साहेब गेल्यावर बाबांनी कापड हाताने चाचपून पाहिले. "चष्मा, शाळा सुटली का सीधी इकडं ये. सहा जणाईले कपडे घालायचे हायेत. उजेड हाय तवर आटपून टाकू."

मी हो म्हटले.

शाळा पाचला सुटली. त्या दिवशी नेमक्या ऋतुजा आणि तिच्या मैत्रिणी माझ्याबरोबर निघाल्या. ऋतुजा वर्गात पहिली येते, तिचे वडील मोठे व्यापारी आहेत, आणि ती माझ्याशी स्वतःहून बोलण्याची ती पहिलीच वेळ होती. बोलत बोलत आम्ही बगीच्याच्या फाटकाशी आलो. बाबा शिडीवर चढून स्वातंत्र्यसैनिकांना कापड गुंडाळत होते. वर केलेल्या हातावरून कापड सारखे घसरत होते. त्यांनी ते दोनदा पकडले, तिसऱ्यांदा पुतळ्याचे नाक हाताने शोधले आणि नाकावरूनच दोरी नेली.

"ए, पहा ना!" ऋतुजा खिदळली. "तो माळी नाकाला दोरी बांधून राहिला! बैल हाये का तो?"

सगळ्या हसल्या. हसण्याच्या आवाजाने बाबांनी मान वळवली. ते बरोबर आमच्याकडे बघत होते, पण त्यांना आम्ही दिसत नव्हतो.

"चष्मा? ए चष्मा, आली का वं?"

"कोणाले बोलावून राहिला तो?" ऋतुजाने विचारले.

"माहीत नाही," मी म्हणाले.

आवाज अगदी स्वच्छ निघाला. मागच्या बाकापर्यंत पोचेल असा.

मग मी त्या मुलींबरोबर पुढे चालत गेले. वळणावर एकदा मागे पाहिले. सूर्य मावळायला आला होता. बाबा शिडीवरून खाली उतरून, एक हात पुढे करून उभे होते. माझा खांदा शोधत असल्यासारखे.

३

साडेसात झाले तरी बाबा आले नव्हते. अंधारात ते एकटे कधीच येत नसत. आई मला काही विचारणार एवढ्यात अंगणाचे फाटक वाजले.

बाबा आत आले. अंगणात आमची बकरी बांधलेली असते आणि तिची दोरी वाटेत आडवी येते. त्या दोरीला रोज बाबांचा पाय अडखळायचा म्हणून आई ओरडायची. बाबांनी ती दोरी बघितली आणि ओलांडली.

आईची पोळी तव्यावरच करपली.

"आयकलं का," ती हळूच म्हणाली, "तुम्हाले... दोरी दिसली का?"

"दिसली," बाबा म्हणाले. "सगळं दिसून राहिलं."

त्यांनी कोनाड्यातला पेपर घेतला. नागपूरचा तो पेपर मी रोज त्यांना वाचून दाखवायची. आमची शाळा हिंदीची, मी मराठी शिकले ती तो पेपर वाचता वाचताच. बाबांनी पेपर हातभर लांब धरला आणि खालच्या कोपऱ्यातली बारीक जाहिरात एका सुरात, न अडखळता वाचली. आई रडायला लागली. रडता रडता तिने देवापुढे दिवा लावला आणि शेजारच्या शकुबाईला भिंतीवरूनच हाक मारून सांगितले. शकुबाई म्हणाली, "कधी कधी होते वं तसं. माह्या सासऱ्याचं बी झालतं. डोळ्यावरचं जाळं आपोआप फाटते."

मी भिंतीला टेकून उभी होते. मी का आले नाही, असे बाबा आता विचारतील, याची मी वाट पाहत होते. त्यांनी विचारले नाही. जेवून हात धुतले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "गायत्री, झोप आता. सकाळी शाळा हाये."

मला इतके सुटल्यासारखे झाले की त्यांनी मला नावाने हाक मारली, हे अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आले. बाबा मला कधीच गायत्री म्हणत नसत.

४

दुसऱ्या दिवशी बाबा एकटेच कामावर गेले. त्यांना आता माझा खांदा नको होता. मी मागून शाळेसाठी निघाले आणि सवयीने फाटकातून आत पाहिले.

पुतळे झाकलेले होते. मी सवयीनेच मोजले. सात.

पुन्हा मोजले. स्वातंत्र्यसैनिक, जवान, खुर्चीमुळे रुंद दिसणारे गुरुजी, टोपलीमुळे उंच झालेली संत्रावाली, वाकलेला शेतकरी, बुटकी मुलगी. सहा जण सहा चौथऱ्यांवर, कोऱ्या पांढऱ्या कापडात. सातवा स्वातंत्र्यसैनिकांच्या शेजारी होता, शिडी लावली होती त्या जागी. त्याला चौथरा नव्हता. तो जमिनीवरच उभा होता आणि कापड गवताला टेकले होते.

ते कापडही कोरे नव्हते. कितीतरी पावसाळे खाल्ल्यासारखे करडे होते, घड्यांमध्ये हिरवट शेवाळ होते. छातीच्या उंचीवर ते थोडे पुढे आले होते, आत कोणी हात पुढे धरल्यासारखे.

हेमराज साहेब फोटो काढत होते. मी खूप वेळ धीर गोळा केला आणि विचारले, "काका, हा सातवा कोणाचा?"

त्यांनी मोबाइलमधून मान वर केली. "हा? नवा असंल. आता जिल्हा झाला ना आपला, रोज काही ना काही उतरवून राहिले ट्रकमधून. चौथरा मागून बनवतील."

"पण काल नव्हता."

"मंग रात्री आला. तू गुणवंताची पोरगी ना? बोलते वाटते! मले वाटलं मुकी हाये."

ते हसत निघून गेले. त्यांचे म्हणणे पटण्यासारखे होते. गावोगावी असे झाकलेले पुतळे असतात. मोठा माणूस यायचा असतो, तारीख मिळत नाही, मग पुतळा वर्षानुवर्षे कापडातच राहतो आणि लोक त्याच्या बाजूने भाजी घेऊन जातात. आपल्याकडे झाकलेल्या पुतळ्याला कोणी काही विचारत नाही.

घरी मी बाबांना विचारले, "तुम्ही किती झाकले?"

"सहा. यादीत सहाच हायेत."

"अन् तो सातवा?"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे अगदी स्वच्छ होते. पूर्वी बुबुळांवर दुधासारखी साय होती, ती कुठेच नव्हती.

"यादीत सहाच हायेत," ते पुन्हा म्हणाले.

५

घरात सगळे आनंदात होते. मीही आनंदात राहायचा प्रयत्न केला. पण बघायची सवय सुटत नाही.

बाबा गाठ नेहमी सुरगाठ मारायचे. एक टोक ओढले की सुटली पाहिजे. "सोडणाऱ्याले तरास होईन अशी गाठ मारू नाई," असे ते म्हणायचे. आता आमच्या घरातली प्रत्येक गाठ निरगाठ होती. बकरीचे दावे, पडद्याची दोरी, माझ्या डब्याचे फडके. मधल्या सुट्टीत फडके सोडता सोडता माझे नख तुटले. त्या दिवशी मी उपाशीच राहिले.

बाबा सकाळी अंगणात उभे राहायचे. नुसते उभे. पूर्वी ते एक मिनिट रिकामे बसत नसत, तुळशीला पाणी घालतील, बकरीशी बोलतील. एका सकाळी मी दात घासत होते. एक मैना उडत आली आणि बाबांच्या खांद्यावर बसली. बाबा हलले नाहीत. तिने पंख साफ केले, मान वाकडी करून त्यांच्या कानात पाहिले. मग दुसरी आली आणि डोक्यावर बसली. पहिली मैना शिटली आणि ती शीट सदऱ्यावरून ओघळली.



"पहा वं बाई," आई दारातून हसत म्हणाली, "पाखरांले बी समजते, माणूस किती गरीब हाये ते."

बाबांनी सावकाश मान वळवली आणि आईकडे पाहून हसले. मैना तरीही बसूनच राहिली. उभ्या असलेल्या माणसावर पाखरे बसत नाहीत. मी अकरा वर्षे बगीच्यात जाते आहे. पाखरे कशावर बसतात ते मला माहीत आहे.

दिवाळीनंतर मेडिकल झाले. डॉक्टरांनी तक्त्याची शेवटची ओळ वाचायला सांगितली, तर बाबांनी तक्ता छापणाऱ्या छापखान्याचे नावही वाचले म्हणे. फिट असा शिक्का बसला. आईने गल्लीत पेढे वाटले. एक पेढा तिने माझ्या तोंडात घातला आणि म्हणाली, "गायू, आता तुले कायचीच चिंता नाई. तू आपली शिक."

तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे गेली होती. मी पेढा गिळला.

६

सातव्या पुतळ्यासमोर मी रोज एक मिनिट थांबायला लागले. रोज त्याचे चित्र काढले. मी स्वतःला सांगत होते की मी वेडी नाही, मी फक्त नोंद ठेवते आहे.

दोरी गळ्यापाशी, कमरेला आणि घोट्यांपाशी बांधलेली होती. तिन्ही गाठी निरगाठी होत्या.

डिसेंबर लागला, थंडी वाढली. एका सकाळी मला दिसले की कापडावर एका ठिकाणी ओल आहे. माणसाचे तोंड असते त्या उंचीवर, रुपयाएवढी. दव असेल, असे मी म्हटले. पण दव सगळीकडे पडते. इतर सहा कोरडे होते.

दुसऱ्या दिवशी मी दोन बाकांच्या अंतरावरून पाहिले. ओलीची ती जागा किंचित आत जात होती आणि बाहेर येत होती. वारा असेल. मी वहीचे पान फाडून दोन बोटांत उंच धरले. पान हलले नाही. सहा पुतळ्यांची कापडे हलत नव्हती. ती एकच जागा आत जात होती, बाहेर येत होती. मी माझा श्वास मोजला, मग तो मोजला. तो माझ्यापेक्षा सावकाश होता. झोपलेल्या माणसासारखा.

मी धावत शाळेत गेले. इतिहासाच्या तासाला बाईंनी मला उभे केले आणि माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही.

आईला सांगावे असे रोज वाटायचे. काय सांगणार होते मी? की तुझ्या नवऱ्याला दिसते, ते बरोबर नाही? की तो गाठी घट्ट मारतो? आणि हे सगळे सांगायचे तर त्या संध्याकाळपासून सांगावे लागले असते. फाटकापासून. 'माहीत नाही' पासून.

७

आचारसंहिता संपली त्या दिवशी माझा सहामाहीचा गणिताचा पेपर होता. मी पाऊण तास आधी निघाले आणि बगीच्यात गेले.

घरातले बाबा आणि हेमराज साहेब कापडे उतरवत होते. एकेक जण उजेडात येत होता. गुरुजी, जवान, मुलगी. संत्रावालीच्या टोपलीत कोळ्याने जाळे विणले होते. सहा झाले. बाबांनी शिडी मिटली.

"हा?" साहेबांनी सातव्याकडे बोट केले.

"यादीत नाही."

"हाव, बरोबर. मंग लावू नको हात. कोणी तरी मोठा माणूस येईन अनावरणाले, अन् आपण आधीच उघडा केला तं दोघंही घरी जाऊ." साहेबांनी हात झटकले. "चल, चहा पिऊ."

ते फाटकाबाहेरच्या टपरीवर गेले. बगीच्यात मी एकटी राहिले. ऊन चांगले पडले होते, सकाळचे साडेनऊ वाजले होते, रस्त्यावर ट्रकचे भोंगे वाजत होते. भीती वाटावी असे काहीही नव्हते. मी गुडघ्यांवर बसले आणि कापडाची कड वर केली.

आत दोन पाय होते. अनवाणी, मातीने माखलेले. उजव्या अंगठ्याचे नख काळे होते. पोळ्याच्या दिवशी त्या अंगठ्यावर कुंडी पडली होती. हळद मीच लावली होती.

डोक्यात फक्त एकच गोष्ट येत होती, की चपला कुठे गेल्या, थंडी किती आहे आणि चपला कुठे गेल्या.

अंगठा हलला.

"कोण?" वरून आवाज आला. कोरडा, अगदी बारीक, खूप दिवस पाणी न मिळालेला. "कोण हाये? चष्मा... आली का वं?"

मी तोंड उघडले.

"गायत्री."

हा आवाज मागून आला. मी वळले. घरातले बाबा माझ्या मागे दोन हातांवर उभे होते. खडीवर त्यांच्या पावलांचा आवाज झाला नव्हता. त्यांनी माझ्या हातातली कापडाची कड पाहिली. रागावले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. त्यांच्यामागे फाटकात ऋतुजा आणि दोघीजणी येऊन थांबल्या होत्या.

"पेपर हाये ना तुहा?" ते म्हणाले. "उशीर होऊन राहिला."

"गायत्री, येतेस का?" ऋतुजाने हाक मारली. "काय करून राहिली तिथं? कोण हाये तो?"

कापडाच्या आत श्वास थांबला होता. आत कोणी तरी ऐकत होते.

मला नुसते नाव घ्यायचे होते. नुसते बाबा म्हणायचे होते. दोन अक्षरे.

"कोणी नाही," मी म्हणाले आणि कड सोडली.

८

पेपरात मी काय लिहिले ते मला आठवत नाही. त्या रात्री झोप लागली नाही. शेजारच्या खाटेवर बाबा उताणे पडले होते. त्यांचा श्वास ऐकू यावा म्हणून मी कान देऊन पडले. काही ऐकू आले नाही.

सहा वाजता मी उठले. दप्तरात आईचा विळा टाकला आणि धावत बगीच्यात गेले. धुके होते. मी एका दमात तिन्ही दोऱ्या कापल्या. गाठी सोडायला वेळ नव्हता. "बाबा," मी म्हणत होते, "बाबा, मी हाये, चष्मा, मी आली, बाबा." किती सोपे होते ते. आवाज येत होता, शब्द येत होते, सगळे येत होते.

कापड खाली पडले.

तो पुतळा होता. सिमेंटचा असावा, करडा, थंड. मी त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी मारले आणि माझ्या हातांची सालटी निघाली.

चेहरा बाबांचा होता. डोळे बंद होते. ओठ थोडे उघडे होते, काही विचारून झाल्यावर उत्तराची वाट पाहताना राहतात तसे. ओठांखाली सिमेंट अजून ओले होते. उजव्या पायाच्या अंगठ्याचे नख काळे होते. आणि उजवा हात पुढे केलेला होता, पंजा खाली वळलेला, बोटे किंचित वाकलेली. त्या हाताखाली काहीच नव्हते.

मी डाव्या खांद्याने त्या हाताखाली शिरले. तो बरोबर बसला. एक बोटभरही वर नाही, खाली नाही.

काल सकाळी तो पाय हलत होता. काल सकाळपर्यंत.

९

लोकांना पुतळा आवडला. कापड मुलांनी किंवा माकडांनी काढले असेल, असे सगळ्यांनी ठरवले. ट्रकमधून कोणी आणला याचा कागद सापडला नाही, पण कागद न सापडणे नवे नव्हते.

"काय बे गुणवंता," हेमराज साहेब म्हणाले, "जितेपणीच पुतळा उभा झाला तुहा! लय वशिला दिसते!"

टपरीवर हशा पिकला. आईसुद्धा बघायला आली. पदर तोंडाला लावून हसली, मग हसायची थांबली. "हात तसाच हाये वं," ती मला म्हणाली, "तुह्या खांद्यावर ठेवायचे तसा." ती बराच वेळ बघत राहिली. मग घरी गेली आणि त्याविषयी पुन्हा बोलली नाही. पण त्या दिवसापासून ती माझ्या खाटेवर, माझ्याजवळ झोपते.

घरातले बाबा पक्के झाले. ते इतर सहा पुतळे रोज ओल्या फडक्याने पुसतात. सातव्याजवळ जात नाहीत. त्याला मी पुसते. नाक, कान, बोटे. माझ्या हातांना आता पाठ झाली आहेत.

शनिवारी साहेबांनी सांगितले की सोमवारपासून चौथऱ्याचे काम सुरू होईल. चार फुटांचा, वर फरशी. मी मनातल्या मनात मोजले. चार फूट वर गेल्यावर तो हात माझ्या डोक्याच्याही कितीतरी वर जाईल.

आज रविवार. मी साडेसहाला एकटीच निघाले. बगीच्यात कोणी नव्हते. सहा जण आपापल्या जागी होते. मी सातव्याच्या उजव्या बाजूला गेले आणि खांदा त्याच्या हाताखाली दिला. सिमेंट थंड होते. आम्ही दोघे रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलो. धुक्यातून एक ट्रक गेला, संत्र्यांचा वास मागे राहिला.

"बाबा," मी म्हणाले, "गुलाबापाशी पाइप आडवा पडून हाये. बाकाखाली काचा नाईत आज. सहाही जण जागेवर हायेत." मग मी ते म्हणाले जे त्या संध्याकाळी फाटकातून म्हणायला हवे होते. "मी आली, बाबा."

खूप वेळ काही झाले नाही. मी निघायला पाऊल उचलले.

बोटे माझ्या खांद्यावर दाबली गेली.

एकदाच.

मी थांबले. मागे खडी अगदी शांत होती, मला कसलाही आवाज येत नव्हता. पण बाबांना नेहमी माझ्याआधी ऐकू यायचे.